वाचकांचे प्रश्न : क्वालिटी सर्कल का बंद पडतात?

प्रश्न : आमच्या कारखान्यात दोन वर्षांपूर्वी १४ क्वालिटी सर्कल (कामातल्या अडचणी स्वतः सोडवणारे कामगारांचे छोटे गट) सुरू झाली. आज तीनच उरली आहेत आणि तीही स्पर्धा जवळ आली की जागी होतात. व्यवस्थापन म्हणते, कामगारांना रस नाही. खरे कारण काय असावे?

उत्तर : रस नसता तर १४ सर्कल उभीच राहिली नसती. तो कुठे आटला हे पाहायचे असेल तर बंद पडलेल्या सर्कलच्या मिटिंगच्या वह्या काढा आणि प्रत्येक विषयासमोर तीन तारखा लिहा : उपाय वर कधी पाठवला, लेखी उत्तर कधी आले, उपाय प्रत्यक्ष कधी बसवला. दुसरा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा सापडेल.

नकार सर्कलला पचतो. 'हे मॉडेल सहा महिन्यांत बंद होणार आहे, म्हणून नव्या फिक्स्चरवर (काम करताना वस्तू धरून ठेवणाऱ्या साधनावर) खर्च करता येणार नाही' असे कोणी समोर बसून सांगितले, तर माणसे दुसरा मार्ग शोधतात. 'बघू', 'वर पाठवलंय' हे मात्र पचत नाही. आधी दोघे यायचे थांबतात, मग मिटिंग फक्त वहीत होते. म्हणून नियम लेखी करा : प्रेझेंटेशननंतर १५ दिवसांत सुकाणू समितीचे (सर्कलच्या उपायांवर निर्णय घेणाऱ्या समितीचे) उत्तर आलेच पाहिजे. मंजूर, कारणासह नामंजूर, किंवा नेमकी कोणती माहिती अजून हवी ते. ट्रे, स्टॉपर, खुणांचा रंग अशा किरकोळ खर्चाची मंजुरी विभागप्रमुखाकडेच ठेवा.

१४ सर्कल एकदम सुरू करणे हीही घाईच होती. आपले नेहमीचे काम सांभाळणारा फॅसिलिटेटर (सर्कलना मार्गदर्शन करणारा) तीन-चार सर्कलकडेच नीट लक्ष देऊ शकतो. आता उरलेल्या तिघांचा एकेक विषय तडीस न्या, मगच चौथे काढा. एका सर्कलमध्ये एकाच कामाच्या जागेवरचे ६ ते १० जण असावेत. आठवड्यातून एक तास, ठरलेल्या दिवशी, पगारी वेळेत मिळावा. महिनाअखेरीस डिस्पॅचच्या गडबडीत मिटिंग पुढे गेली, तर नवी तारीख त्याच दिवशी फळ्यावर लागली पाहिजे.

प्रश्न : आमच्या सर्कलने 'रिजेक्शन कमी करणे' हा विषय घेतला. पाच महिने झाले. फिशबोन (कारणे मांडणारी माशाच्या काट्यासारखी आकृती) काढून झाले, त्यात २६ कारणे आली, पुढे सरकत नाही. काय चुकले?

उत्तर : विषय फार मोठा आहे आणि आकडे गोळा करण्याआधीच फिशबोन काढले. क्रम उलटा करा. चार आठवडे मशीनशेजारी साधी चेकशीट लावा. जॉब (मशीनवर बनणारा नग) नापास झाला की दोष, शिफ्ट आणि कुठल्या टप्प्यावर सापडला, एवढ्याच खुणा तिथल्या तिथे करायच्या. शिफ्ट संपल्यावर आठवून भरलेली चेकशीट निरुपयोगी.

समजा, २०० जॉब नापास झाले : ओरखडे ९२, भोक सरकलेले ५१, बर (कापल्यावर कडेला उरणारी धातूची टोके) राहिलेली २७, इतर ३०. पहिले दोनच दोष ७१.५ टक्के होतात. पण लगेच ओरखड्यांवर उडी मारू नका. त्या ९२ चे टप्प्याप्रमाणे भाग पाडा. समजा, त्यातले ६८ बर काढल्यानंतरच्या तपासणीत दिसले आणि त्याआधीच्या तपासणीत तेच जॉब स्वच्छ होते. आता विषय झाला 'बर काढल्यानंतर जॉबवर पडणारे ओरखडे'. हा तुमच्याच हातातला आहे, दोन-तीन महिन्यांत संपणारा आहे. फिशबोन आता काढा. कारणे आपोआप कमी आणि नेमकी येतील.

यानंतर बहुतेक सर्कल घसरतात ते मतदानावर. हात वर करून 'मुख्य कारण' ठरवले जाते आणि ज्येष्ठ सदस्याचे मत जिंकते. प्रत्येक कारण जागेवर तपासा. जॉब पेटीत एकावर एक टाकल्याने ओरखडे पडतात अशी शंका असेल, तर ५० जॉब कप्प्यांच्या ट्रेमध्ये आणि ५० नेहमीच्या पेटीत ठेवा. दोन्ही एकाच शिफ्टमधले, एकाच माणसाने हाताळलेले. मग मोजा. फरक दिसला नाही तर ते कारण खोडा. उपाय बसल्यावर पुन्हा चार आठवडे तीच चेकशीट भरा आणि कामाच्या लेखी पद्धतीत ट्रेचा उल्लेख घाला. हे राहून गेले तर नवा माणूस आला की जुनी पेटी परत येते.

प्रश्न : सुपरवायझर सर्कलला वेळ देत नाहीत, आणि युनियनला यात माणसे कमी करण्याचा डाव दिसतो. दोघांना कसे सोबत घ्यावे?

उत्तर : जपानमध्ये हे कोणत्या क्रमाने झाले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकन गुणवत्ता-तज्ज्ञ डेमिंग यांची व्याख्याने १९५० मध्ये आणि तसेच जुरान यांची १९५४ मध्ये आधी इंजिनीअर आणि वरिष्ठांनी ऐकली. सर्कल आली १९६२ मध्ये, आणि त्यांच्या मागे जपानी गुणवत्ता-तज्ज्ञ काओरू इशिकावा यांचा जो विचार होता, त्यात फोरमनचा अभ्यास केंद्रस्थानी होता. नंतर अनेक कंपन्यांनी उचलली ती फक्त शेवटची पायरी, म्हणून मधला माणूस बाहेर राहिला. सुपरवायझरला आपली माहिती वर जाऊन आपलीच चूक दिसेल ही भीती असते, आणि ती रास्त आहे. त्याला कामगारांच्या आधी प्रशिक्षण द्या, पहिल्या सर्कलचे नेतृत्व द्या, आणि सर्कलचा तास त्याच्या उत्पादनाच्या टार्गेटमधून वजा करा. शेवटची गोष्ट केली नाही तर पहिल्या दोन व्यर्थ.

युनियनला लेखी हमी द्या : सर्कलच्या उपायाने कोणाचीही नोकरी जाणार नाही, वाचलेली माणसे दुसऱ्या कामावर जातील. पगार, रजा, बढती हे विषय सर्कलमध्ये येणार नाहीत. ते युनियनचेच राहतील. युनियनचा एक प्रतिनिधी सुकाणू समितीत घ्या. ही हमी एकदा जरी मोडली, तर त्या कारखान्यात सर्कल विसरा.

प्रश्न : बचतीच्या टक्केवारीत रोख बक्षीस द्यावे का?

उत्तर : देऊ नये. टक्केवारी आली की सर्कल फक्त पैशात मोजता येणारे विषय घेतात. सुरक्षितता, पाठदुखी देणारी कामाची उंची, अंधारी तपासणीची जागा हे मागे पडते. वाटणीवरून भांडणे होतात ती वेगळीच. सर्व सदस्यांना सारखी भेट द्या आणि वरिष्ठांनी जागेवर येऊन, मशीनपाशी उभे राहून, बसवलेला उपाय सदस्यांकडून समजून घ्यावा.