रोज सुरू होताना ‘स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह’ येतं; रात्रभर चेकडिस्क लावून ठेवू का?

आज रात्री तरी लावू नका.

तुम्ही लिहिलंय की कॉम्प्युटर सुरू करताना हल्ली रोज ‘स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह’ दिसतं, फोटोंचं एक फोल्डर उघडलं की अर्धा-एक मिनिट सगळंच गोठतं, डिस्क फिरत्या तबकडीची, बरीच जुनी आहे, आणि मित्र म्हणतो की चेकडिस्क (विंडोजमधलं डिस्क तपासून दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) ‘/आर’ लावून झोप, सकाळी ठीक होईल. मित्राचा सल्ला एरवी चुकीचा नाही. पण विशिष्ट फोल्डरवरच गोठणं हे लक्षण मला काळजीचं वाटतं, आणि त्या फोटोंची दुसरी प्रत आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून आधी प्रत, मग तपासणी, आणि दुरुस्ती सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाल्यामुळे गेलेला डेटा मी पुष्कळ वेळा पाहिलाय.

चेकडिस्क नेमकं काय दुरुस्त करतं, ते आधी बघू. डिस्कवर दोन वेगळ्या गोष्टी असतात: तुमच्या फाइलींचा मजकूर, आणि कुठली फाइल कुठे ठेवलीय याच्या नोंदी. कोठारातला माल आणि कोठाराची वही, असं समजा. चेकडिस्क वही जुळवतं. वीज अचानक गेली, यूएसबी डिस्क मध्येच उपटली, की नोंदी अर्धवट राहतात. एकच जागा दोन फाइलींच्या नावावर दिसते किंवा फाइल आहे पण फोल्डरमध्ये नाही, असं होतं. ‘/एफ’ लावलं की चेकडिस्क हे विसंगत धागे सोडवतं, आणि मालक न सापडलेले तुकडे ‘फाउंड.०००’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये टाकतं. वही जुळवताना एखादी नोंद काढून टाकावी लागली तर ते बेधडक काढतं. त्याला ड्राइव्ह सुसंगत हवा असतो; तुमचा अमुक फोटो टिकावा ही त्याची जबाबदारीच नाही.

‘/आर’ त्याच्या पुढे जातं. ते ‘/एफ’चं सगळं काम करतं आणि शिवाय डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचून बघतं, रिकामी जागासुद्धा. सेकंदाला १०० एमबी वेगाने १ टीबीची निरोगी डिस्क पूर्ण वाचायला पावणेतीन तास लागतात. खराब सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा डेटाचा छोटा कप्पा, आला की डिस्क तोच पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि एकेका जागी कित्येक सेकंद अडते. (तुमचं फोल्डर गोठतं तेव्हा बहुधा हेच चाललेलं असतं.) म्हणजे आधीच थकलेल्या डिस्ककडून सर्वात कठीण जागी सर्वात जास्त कष्ट करून घ्यायचे, आणि तेही एकही फाइल बाहेर काढण्याआधी. वाचताच न आलेल्या जागेतला मजकूर ‘/आर’ परत आणू शकत नाही. ती जागा खराब म्हणून नोंदवून पुढे जातं.

तर आज काय करायचं? दुसरी, वेगळी डिस्क जोडा आणि जे पुन्हा मिळणार नाही ते आधी तिच्यावर घ्या: फोटो, कागदपत्रं, हिशेब, ईमेलचा साठा. विंडोज आणि सॉफ्टवेअर पुन्हा टाकता येतात, त्यांच्यामागे वेळ घालवू नका. सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर टाकलं म्हणजे बॅकअप झाला असं अनेकांना वाटतं, पण बहुतेक घरगुती कॉम्प्युटरांत ते एकाच डिस्कचे दोन भाग असतात, त्यामुळे ती प्रत धरायची नाही. गोठणारं फोल्डर सगळ्यात शेवटी घ्या, आणि त्यातही छोट्या छोट्या गटांनी. एका फाइलवर अडलं तर ती वगळून पुढे जा. ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजची डेटा सांकेतिक करून ठेवणारी सोय) लावलेलं असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी आहे ना, तेही आताच बघा. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची वेळ आली तर त्या कीशिवाय काहीच उघडणार नाही.

प्रत झाली की डिस्क स्वतःबद्दल काय सांगते ते वाचू. प्रत्येक डिस्क स्मार्ट नावाच्या यंत्रणेत आपल्या तब्येतीचे आकडे लिहून ठेवते. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ते दाखवतं. लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स आहे. यादी लांबलचक असते, पण मी चारच ओळी बघतो. ५ क्रमांकाची ओळ म्हणजे डिस्कने खराब ठरवून राखीव जागेवर हलवलेले सेक्टर. १९७ म्हणजे सध्या वाचता न येणारे, निर्णय बाकी असलेले सेक्टर. १९८ म्हणजे तपासणीत वाचता आलेच नाहीत असे. आणि १९९ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात डेटा जाता-येता झालेल्या चुका. क्रिस्टलडिस्कइन्फो हे क्रमांक सोळाच्या पायात लिहितं, त्यामुळे १९७, १९८, १९९ तिथे सी५, सी६, सी७ असे दिसतील. शेवटच्या रकान्यातल्या ‘रॉ व्हॅल्यू’ही तशाच असतात, त्या दशमानात आणायची सोय मेनूत आहे. पहिल्या ओळीतला, वाचनातल्या चुकांचा प्रचंड आकडा बघून घाबरू नका. काही कंपन्यांच्या चांगल्या डिस्कांतही तो तसाच असतो, कारण त्या ती जागा वेगळ्या पद्धतीने भरतात.

५ समोर लहानसा आकडा असेल आणि तो महिनोन् महिने हलत नसेल, तर मी डिस्क लगेच फेकायला सांगणार नाही. वाढणारा आकडा मात्र गंभीर. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे: बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक, ५६ टक्क्यांवर डिस्कांनी स्मार्टच्या चार सर्वात भरवशाच्या आकड्यांपैकी एकातही आधी काही दाखवलं नव्हतं. म्हणजे स्मार्ट ‘वाईट’ म्हणालं तर विश्वास ठेवा. ‘चांगली’ म्हणालं तर त्यावर विसंबून बॅकअप टाळू नका.

१९९ बद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे चांगल्या डिस्का उगाच बदलल्या जातात. ५, १९७ आणि १९८ शून्य असून फक्त १९९ वाढत असेल तर संशय केबलवर घ्या. साटा केबल सैल बसलेली असते, दुमडलेली असते किंवा तिची खाच ढिली झालेली असते. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, केबल दोन्ही टोकांना नीट बसवा, नाहीतर नवी लावा. १९९ चा जुना आकडा कधी कमी होत नाही, म्हणून तो लिहून ठेवा आणि आठवड्याने बघा. थांबला असेल तर प्रश्न सुटला. वारंवार बिघडणाऱ्या नोंदींमागे कधी कधी खराब रॅमही असते, आणि ते कुणाच्या पटकन लक्षात येत नाही. विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक एकदा चालवून बघा.

आता तुमच्या डिस्कचे आकडे स्वच्छ निघाले, असं धरू. मग चेकडिस्क जरूर चालवा. ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्हवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक, हा सोपा रस्ता. नाहीतर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि सी-एच-के-डी-एस-के ही रोमन अक्षरं, जागा, सी आणि कोलन, जागा, मग ‘/स्कॅन’ असं टाइप करा. विंडोज ८ पासून एनटीएफएस (विंडोजची फाइलींच्या नोंदी ठेवण्याची नेहमीची पद्धत) ड्राइव्हवर ही तपासणी चालू कॉम्प्युटरवरच होते, रीस्टार्ट लागत नाही. चुका निघाल्या तर ‘/स्कॅन’च्या जागी ‘/एफ’. विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे त्याला चालू असताना कुलूप लावता येत नाही, म्हणून ते ‘पुढच्या वेळी सुरू होताना करू का’ विचारेल. वाय दाबून रीस्टार्ट करा. ते चालू असताना वीज जाणार नाही एवढं बघा, आणि लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच ठेवा. निकाल स्क्रीनवरून पटकन निघून जातो, पण इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशनच्या नोंदींत ‘विनइनिट’ या नावाखाली तो पूर्ण सापडतो. तिथेच सिस्टीमच्या नोंदींत ‘डिस्क’ नावाखाली क्रमांक ७ दिसला तर खराब ब्लॉक सापडलाय असा अर्थ, आणि ‘एनटीएफएस’ नावाखाली ५५ दिसला तर नोंदी बिघडल्यात. रोज तीच दुरुस्ती पुन्हा का होते याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं.

आकडे वाईट निघाले आणि काही फाइली अजून अडकलेल्या असतील, तर मूळ डिस्कवर दुरुस्तीचा एकही प्रयोग करू नका. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून ग्नू डीडीरेस्क्यूने संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत, तेवढ्या किंवा त्याहून मोठ्या डिस्कवर घ्या. हे सॉफ्टवेअर आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अवघड जागा नंतरसाठी ठेवतं. कुठवर आलो याची नोंद ते एका मॅप फाइलमध्ये ठेवतं, म्हणून मध्ये थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. ती फाइल द्यायला विसरू नका, आणि कुठली डिस्क मूळ आणि कुठली नवी हे कमांड देण्याआधी दोनदा वाचा. उलट झालं तर सगळं पुसलं जातं. चेकडिस्क, फाइली शोधणारी टेस्टडिस्क किंवा फोटोरेकसारखी सॉफ्टवेअरं, काय चालवायचं ते मग त्या प्रतीवर चालवा. ‘हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करायला हवा’ असा संदेश आला तर रद्द करा.

डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि ताबडतोब बंद करा. वाचणारं डोकं तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं; ते टेकलं तर प्रत्येक फेरीला डेटा खरवडला जातो. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपाय अजून सांगितला जातो, त्याने आत दव धरतं. झाकणही उघडू नका. डेटा खरोखर मोलाचा असेल तर धूळविरहित खोलीत डिस्क उघडणाऱ्या तज्ज्ञांकडेच द्या.

एसएसडीला, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कला, ‘/आर’ चालवण्यात फारसा अर्थ नाही, आणि ती बऱ्याचदा कुरकुर न करता एकदम जाते. तिथे बॅकअपचं महत्त्व आणखी जास्त.

सगळा डेटा सुखरूप निघाल्यावर जुन्या डिस्कचं काय, हेही तुम्ही विचारलंय. क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. विंडोज त्यात सगळीकडे शून्यं लिहितं. १९७ मधले सेक्टर असे लिहिताना डिस्कला निर्णय घ्यावाच लागतो: नीट लिहिलं गेलं तर सेक्टर पुन्हा वापरात, नाहीतर राखीव जागेवर आणि ५ चा आकडा वर. १९७ शून्यावर आला आणि ५ हलला नाही, तर दुसरीकडेही प्रत असलेल्या गोष्टींसाठी ती डिस्क वापरायला हरकत नाही. ५ वाढला तर ती पुन्हा जोडूच नका.