तारखेचा साचा तूच सांग

नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्याची बिलं वाचणारा प्रोग्राम लिहितोयस ना, मग '०३/०४/२०२५' म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे संगणकावर सोडू नकोस. दिवस, महिना, वर्ष कोणत्या क्रमाने वाचायचे, तो साचा (फॉरमॅट) तूच लिहून दे. पायथन भाषेत साच्यातला लहान एम (m) म्हणजे महिना, मोठा एम (M) म्हणजे मिनिटं. जावा भाषेत नेमकं उलटं! इथे भलेभले अडकतात. साठवताना आयएसओ ८६०१, म्हणजे तारीख-वेळ लिहिण्याचं आंतरराष्ट्रीय मानक, धर: २०२५-०४-०३. वर्ष आधी असल्याने मजकूर म्हणूनही क्रम बरोबर लागतो. वेळेपुढे +०५:३० मात्र लिहीच, म्हणजे ही वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढची आहे हे कळतं. नागपुरात पहाटे ४ ला झालेली नोंद यूटीसीत आदल्या रात्री १०:३० ची असते. ते विसरलास तर संत्र्याचा सौदा आदल्या दिवसाच्या हिशेबात जाईल. दिवस-महिना-वर्ष फक्त पडद्यावर दाखवताना वापर.