ढिगावरची खडूची अक्षरं

चिरंजीव,

रात्री पावणेबाराला पाठवलेला तुझा मेसेज मी सकाळी गिरणीत दळणाच्या रांगेत उभी राहून वाचला. "ताई, बिझनेस कोच म्हणून दिवसभर लोकांना उभारी देतो आणि घरी आलो की माझ्यातच काही उरत नाही. मी प्रेरणा कुठून आणू?" खाली तुझ्या भिंतीवरच्या पुठ्ठ्याचा फोटो. वर्षात ५० क्लायंट, चारचाकी, कोचिंगचं एसीसी सर्टिफिकेट, आई-बाबांना काशी. कडेनं सोनेरी पट्टी लावलीयस, छान दिसतेय. फोनच केला असता, पण फोनवर तू नुसतं "हो ताई, हो ताई" करतोस आणि मुद्दा राहून जातो. म्हणून पत्र.

आधी एक साधी शंका. दिवसाला किती सेशन घेतोस? मागं म्हणाला होतास, सात. सात माणसांची उधारी, भावकी, जीएसटीची नोटीस आणि पळून गेलेला सुपरवायझर ऐकून घेतल्यावर कुणीही रिकामाच होईल. यात प्रेरणा कमी पडलेली नाही, तू दमलायस. चारच्या वर घेऊ नकोस आणि दोन सेशनच्या मध्ये अर्धा तास कुणाशी बोलू नकोस. तुझी निम्मी तक्रार इथंच मिटेल. उरलेल्या निम्म्यासाठी हे एवढं लिहायला बसलेय.

मी या कामात आले ती कॉस्टिंगच्या, म्हणजे खर्चाच्या हिशेबाच्या, टेबलावरून. एकोणीस वर्षं कास्टिंगच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या भागांच्या, किलोमागं कोक किती, वीज किती, मजुरी किती, हेच करत होते. मग दोन दिवसांचा एक कोर्स केला. नाव सांगत नाही. तिथं आम्हाला खुर्च्यांवर उभं करून "मी करणारच!" असं ओरडायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हातात सर्टिफिकेट दिलं. घसा बसला होता आणि छाती मात्र फुगली होती. सोमवारी सकाळी गृहकर्जाचा हप्ता खात्यातून गेला तेव्हा ती छाती जागेवर आली.

त्याच महिन्यात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, पहिलं काम मिळालं. मी लॅपटॉप, प्रोजेक्टर, चोवीस स्लाइड घेऊन गेले. तिसऱ्या स्लाइडला मालक उठले. "ताई, ते पडद्यावरचं ऱ्हाऊ दे. हिकडं या जरा."

शेडच्या मागं नेलं. तिथं वाया गेलेल्या कास्टिंगचा ढीग, बहुतेक पंपाच्या बॉड्या. वरवर बघितलं तर भंगार. जवळ गेल्यावर दिसलं की प्रत्येक तुकड्यावर खडूनं काहीतरी लिहिलंय. तारीख, पाळी आणि एक-दोन शब्द. 'ओल'. 'साचा सरकला'. 'धातू गार'. 'ओल'. 'ओल'. वाळूत ओल जास्त राहिली की ओतताना तिची वाफ होते, ती धातूत अडकते आणि मशिनिंगला घेतल्यावर आत पोकळी निघते. ते तीन 'ओल' एकाच पाळीचे होते. मालक रोज सकाळी चहाचा कप घेऊन ढिगाजवळ यायचे, दहा मिनिटं वाचायचे आणि मगच आत जायचे.

मी बावळटासारखं विचारलं, "रोज हे बघून निराश नाही वाटत?"

"निराश कशाला? आज काय करायचं ते कळतंय न्हवं."

माझ्या उरलेल्या एकवीस स्लाइड तिथंच मेल्या. तो धातू पुन्हा भट्टीत जातो, पण वीज, मजुरी आणि दिवस परत येत नाहीत, हे मला कागदावर माहीत होतं. एकोणीस वर्षं मी त्याचा आकडा काढत होते, ढीग मात्र कधी वाचला नव्हता. त्या माणसाला सकाळी उठून कामावर यावंसं का वाटत होतं, ते मला त्या दिवशी कळलं. कालच्या चुकीचं कारण सापडलेलं असायचं आणि आज ते तपासून बघायचं असायचं. तू ज्याला प्रेरणा म्हणतोस ना, ती मला पहिल्यांदा अशी दिसली.

आता आपण कोच मंडळी काय करतो ते बघ. आपण गोष्टींची दोन टोकं विकतो. लिज्जतची गोष्ट तू स्वतः किती वेळा सांगितलीयस? १५ मार्च १९५९, गिरगावातली गच्ची, सात बायका, ८० रुपये उसने. आणि तिथून एकदम शेकडो कोटींच्या उलाढालीवर उडी. टाळ्या. ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्यात असं काही नाही बुवा.

मला त्या गोष्टीतली सगळ्यात आवडणारी वस्तू म्हणजे खाट. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून त्या बायकांना चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. झालं, पावसात काम सुरू. त्याआधी आणखी एक गोष्ट झाली होती. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. ज्यांनी उसने पैसे दिले होते त्या छगनबाप्पांनी सांगितलं, एकच करा, चांगलाच करा आणि हिशेब चोख ठेवा. गच्चीपासून कोटींपर्यंतच्या मधल्या जागेत हे असं सामान भरलेलं आहे. आणि तुझ्यासमोर बसलेला क्लायंट कायम त्या मधल्या जागेतच असतो. त्याचा पावसाळा चालू असतो. त्याला कोटींचा आकडा सांगून काय करायचं, त्याला खाट हवी असते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचंही तसंच. कोल्हापूरहून पुण्याला रेल्वेनं जाताना सांगलीच्या पुढं किर्लोस्करवाडी लागते. १९१० साली औंध संस्थानानं दिलेल्या माळावर हे गाव वसलं, तेव्हा स्टेशनचं नाव कुंडल रोड होतं. हे सगळे सांगतात. पण त्याआधी बेळगावात लोखंडी नांगर तयार होऊन पडला होता आणि शेतकरी घेत नव्हते, लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. मी त्या स्टेशनवरून जाते तेव्हा दर वेळी हाच विचार येतो की त्या दोन वर्षांतल्या एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी ते कारखान्यात जाऊन नेमकं काय करत असतील. गोष्टी गोळा करायच्याच असतील तर अशा मंगळवारांच्या कर. मिळायला कठीण आहेत, कारण कुणी लिहून ठेवत नाही. तुझे क्लायंट मात्र रोज त्या जगतात. ऐकून आलास की घरी त्या लिही.

आता माझ्या ढिगाबद्दल. इचलकरंजीचे एक बेकरीवाले माझ्याकडं यायचे. दुकान झकास चाललं होतं. मी त्यांच्या मागं लागले, सांगलीत दुसरी शाखा काढा, वाढायला हवं. ते दर वेळी "बघू" म्हणायचे आणि मी त्या 'बघू'ला भीती समजून ती घालवायच्या मागं लागले. किती हुशार वाटत होतं स्वतःला! शाखा निघाली, चौदा महिन्यांत बंद पडली, वहिनींच्या पाटल्या बँकेत गेल्या. त्यानंतरच्या दिवाळीत ते खारीचा पुडा घेऊन घरी आले. एका शब्दानं बोलले नाहीत मला. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

रेल्वेच्या डब्याला आपण कोच म्हणतो आणि या धंद्यालाही तोच शब्द. मूळ एकच, घोडागाडीचं. मुक्काम तिकिटावर असतो आणि तिकीट प्रवाशाचं. मी प्रवाशाच्या पैशानं माझ्या गावाला गेले होते. त्या रात्री एक दोनशेपानी वही काढली आणि पहिल्या पानावर खडूसारखं मोठ्या अक्षरात लिहिलं: 'ध्येय माझं होतं'. आज ती सहावी वही आहे. 'मी जास्त बोलले'. 'घरचं विचारलं नाही'. 'गप्प बसले होते ते, मी घाईनं प्रश्न टाकला'. रोज सकाळी चहाबरोबर दहा मिनिटं मागची पानं बघते. तुझं सेशन चुकलं की तू त्यावर पांघरूण घालून पुढच्या सेशनला पळतोस, असं मला तुझ्या बोलण्यावरून वाटतं. मला वाटतं, तो रिकामेपणाही बराचसा त्यातूनच येतो. भंगार साठतं आणि वाचलं जात नाही.

पुठ्ठ्याबद्दल. ५० क्लायंट हे खोडून टाक. पन्नासावा माणूस येणार की नाही हे त्याच्या हातात आहे, तुझ्या नाही. एसीसी मात्र राहू दे. त्याला कोचिंगचे १०० तास लागतात, त्यातले ७५ पैसे घेऊन केलेले, आणि तास तुझ्या हातात आहेत. तासांचा तक्ता कर आणि प्रत्येक तासापुढं एक ओळ लिही. चारचाकीबद्दल मला काही म्हणायचं नाही, घे बाबा. काशीची मात्र तारीख ठरव आणि तिकिटं काढ. आई-बाबांचे गुडघे तुझ्या टर्नओव्हरसाठी थांबणार नाहीत.

क्लायंटची ध्येयंही अशीच सोलून बघ. गेल्या वर्षी एक जॉबवर्कवाला मुलगा आला. ध्येय काय, तर टर्नओव्हर दुप्पट. तासभर बोलल्यावर निघालं की एका मोठ्या कंपनीकडं त्याचे पैसे ११० दिवस अडकलेत आणि मागायला तो घाबरतो, ऑर्डर जाईल म्हणून. लहान उद्योगांच्या कायद्यात ४५ दिवसांची मर्यादा २००६ पासून आहे. त्यालाही माहीत होती. त्यानं माझ्यासमोर बसून चार ओळींचा मेल लिहिला, दोनदा खोडला, तिसऱ्यांदा पाठवला. बटण दाबताना त्याच्या अंगठ्याला घाम आला होता आणि तो त्यानं पँटला पुसला. पैसे पुढं केव्हा आले ते सोड. मला त्या अंगठ्यानं दोन महिने चालवलं. हे असलं दिसायचं असेल तर सेशनमध्ये स्वतःच्या पुढच्या प्रश्नाचा विचार बंद करावा लागतो.

आणि एक. कुठंतरी शिष्य म्हणून बस. मी चोपन्नाव्या वर्षी तबल्याचा क्लास लावला. अकरा महिने 'धा धा तिट धा धा तिंना' एवढंच. लय वाढवू का विचारलं की गुरुजी पानाचा डबा उघडतात, उत्तर देत नाहीत. शेजारी नऊ वर्षांची पोर माझ्यापुढं निघून गेली. गुरुवारी क्लासला जायच्या आधी माझ्याही पोटात गोळा येतो, आणि मग शुक्रवारी एखादा मालक "जमत नाही ओ ताई" म्हणाला की मला पटकन उपाय सुचत नाही, आधी 'तिट' आठवतं. तू काय शिकशील ते तू बघ. फक्त कामाला उपयोगी पडेल असं काही निवडू नकोस.

येत्या बुधवारी सकाळी साडेसातला शिरोलीच्या पुलापाशी थांब, मी रिक्षानं येते. फाउंड्रीचे ते मालक आता थकलेत, मुलगी बघते सगळं, पण ढिगाजवळचा चहा चालू आहे. लॅपटॉप आणू नकोस. जाड तळाचे बूट घाल, शेडमध्ये वाळू गरम असते. आणि येताना दोन खडू आण, तिथले कायम ओले असतात.

तुझी
ताई