तुम्ही रूपकाचा केरवा केलात

पत्र : मी अमळनेरला राहतो आणि माझा बालमित्र नोकरीनिमित्त पुण्याला असतो. लहानपणी कानबाईच्या जागरात आम्ही दोघे ढोलकी वाजवत असू. दोन वर्षांपासून आम्ही मोबाइलवर १६ चौकोनांत (चौकोन भरला की त्या जागी आवाज वाजतो) छोटे ठेके बसवतो आणि एकमेकांना त्यांची लिंक पाठवतो. पूर्वी त्याचे उत्तर अर्ध्या तासात येई, आता आठ-आठ दिवस येत नाही. मागच्या वेळी त्याने सातच मात्रांचे काहीतरी पाठवले, जाड आवाज तर थेट चौथ्या मात्रेवर. नेहमीप्रमाणे मी एक मात्रा वाढवून, पहिला चौकोन भरून ते नीट करून दिले. त्यानंतर तो गप्पच आहे. शहरात गेल्यावर माणूस असा बदलतो का?

उत्तर : भाऊ, पुण्याला दोष देण्याआधी तुम्ही जाता जाता लिहिलेले ‘नेहमीप्रमाणे’ आणि ‘नीट करून दिले’ हे शब्द पुन्हा वाचा. त्याने पाठवलेले ‘काहीतरी’ म्हणजे रूपक ताल होता. तीन-दोन-दोन अशा सात मात्रांच्या या तालाची सम, म्हणजे पहिली मात्राच, ‘खाली’ असते, म्हणजे बिनघुमाऱ्याची; तीं तीं ना या पहिल्या तीन मात्रांत डग्गा, म्हणजे जाड आवाजाची बाजू, घुमत नाही, तो चौथ्या मात्रेच्या धीं वर घुमतो. तुमच्या मित्राने जाड आवाजाचा पहिला चौकोन विसरून नव्हे, तर जाणून रिकामा ठेवला होता. भजनात आणि जागरात आठ मात्रांच्या केरव्यावर बसलेल्या तुमच्या हाताला ते खटकले आणि तुम्ही आठवी मात्रा घालून त्याच्या रूपकाचा सरळ केरवा करून टाकला. दोन वर्षे प्रत्येक ठेका तपासलेल्या वहीसारखा परत येत असेल, तर नवा पाठवण्याचा उत्साह कोणाला राहील? मला तर तो इतके दिवस पाठवत राहिला याचेच आश्चर्य वाटते.

सुदैवाने अशा ठेक्यांत चौकोनांची मांडणी बऱ्याचदा लिंकमध्येच लिहिलेली असते. तुम्ही बदल केलात तेव्हा दुसरी लिंक तयार झाली असेल. त्याची मूळ लिंक तुमच्या चॅटमध्ये अजून तशीच असेल. आज रात्री ती उघडा, एकाही चौकोनाला बोट न लावता ऐका आणि हात बसेपर्यंत ढोलकीवर वाजवा. मग नवी लिंक न पाठवता त्याला फोन लावा, खुशालीही न विचारता त्याचाच ठेका त्याला वाजवून दाखवा, आणि कुठे चुकलात तर या वेळी त्याला नीट करू द्या.