दिवसभराच्या धावपळीत देवावर ‘पूर्ण मनाने’ प्रीती करायची म्हणजे नेमकं काय?

तुमचा प्रश्न असा: नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास यातून जेमतेम रविवारची उपासना होते, मग बायबलच्या मार्क 12:30 मधली, देवावर पूर्ण मनाने आणि पूर्ण शक्तीने प्रीती करण्याची आज्ञा पाळायची कशी?

ती आज्ञा येशूने जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातून (6:5) घेतली. तिथलंच सातवं वचन वाचा: घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता हे बोलत राहा. म्हणजे जागा चर्चची नाहीच, घरची आणि रस्त्याची आहे. मी नागपुरात सदरहून बर्डीला गाडीने जातो. मे महिन्यात दुपारी सिग्नलला डोक्याला दुपट्टा बांधून उभं असताना मागचा हॉर्न वाजवतो, तेव्हा तोंडात येणारा शब्द गिळणं हीच माझी त्या दिवसाची प्रार्थना. (रोज जमतं असं नाही.)

आणखी एक. ‘पूर्ण शक्तीने’ यातल्या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ यहुदी गुरूंनी ‘आपली धनसंपत्ती’ असाही लावला. मला हा अर्थ फार टोचतो. भांडी घासणाऱ्या बाईंचा पगार एक तारखेला देणं, भाजीवाल्याने चुकून जास्त दिलेले दहा रुपये परत करणं, हे त्यातच आलं. घरच्या माणसाशी अबोला धरून भजनात डोळे ओले करणं मात्र चालणार नाही. 1 योहान 4:20 त्याला सरळ लबाडी म्हणतं.

सुरुवात हवी असेल तर सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी बायबलमधलं एक स्तोत्र वाचा. 23वं सहाच वचनांचं आहे, चहा उकळेपर्यंत होतं.