कुळागरासाठी डीपीएफवाला छोटा ट्रॅक्टर घ्यावा का?

गोव्यात फोंड्याकडे कुळागर म्हणजे नारळ-सुपारीची बाग आणि थोडं भातशेत आहे, तिथे काजळीचा फिल्टर म्हणजे डीपीएफ असलेला तीसेक अश्वशक्तीचा ट्रॅक्टर परवडेल का, असं तुम्ही विचारलंय. इंग्लंडमध्ये बागेच्या कामाला होतो तेव्हा असा ट्रॅक्टर माझ्या हाताखाली होता, आता सत्तरी तालुक्यात घरची बागायत बघतो. फिल्टर वाईट नाही. काम त्याला मानवणारं हवं.

त्यात साठलेली काजळी जाळावीच लागते, त्याला रीजन म्हणतात. माती फोडणारा रोटाव्हेटर लावून इंजिनावर भार पडला की धूर तापतो आणि बरीच काजळी काम करता करताच जाते. कुळागरात नेमकं उलटं. ट्रॉलीत नारळ, सुपारी, शेणखत भरायचं, पाटाच्या कडेने थोडं पुढे जायचं, इंजिन चालू ठेवून पुन्हा उभं राहायचं. इंजिन तापतच नाही. मग यंत्र जादा डिझेल वापरून फिल्टर ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतं. तेवढ्यात तुम्ही जेवायला म्हणून चावी फिरवली, की काम अर्धवट. हे वारंवार झालं तर दिवा लागतो, ताकद उतरते आणि शेवटी मेकॅनिकच्या लॅपटॉपशिवाय सुटका नसते. त्या जादा डिझेलचा काही अंश इंजिन ऑइलमध्येही उतरतो. डिपस्टिकवर पातळी चढलेली दिसली तर ऑइल बदलाच. ऑइल कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच घाला; काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही.

आता एक गोष्ट मनापासून सांगतो. मार्च ते मे काजूच्या बागेत पाचोळ्याचा थर असतो आणि रीजनच्या वेळी सायलेन्सरमधून भयंकर तापलेली हवा बाहेर पडते. तिथे रीजन होऊ देऊ नका, बटण दाबून थांबवता येतं. ट्रॅक्टर उघड्या कातळावर आणा, उभा करा आणि मगच चालू करा. एका ठिणगीत अख्खा डोंगर जातो, पिढ्यांची कलमं जातात.

युरोपच्या स्टेज ५ या इंजिनांच्या धुराच्या नियमांत १९ किलोवॅट, म्हणजे साधारण २५ अश्वशक्तीच्या खालच्या इंजिनांना काजळीची मर्यादा बरीच सैल आहे, म्हणून ती सहसा फिल्टरशिवाय येतात. आपल्याकडे १ जानेवारी २०२३ला ट्रेम-४ हा ट्रॅक्टरच्या धुराचा नियम लागू झाला तोही ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना. तेव्हा नुसतं कुळागर असेल तर २५च्या आतला, बिनफिल्टरचा बघा. पोफळींच्या ओळींतून तोच नीट वळतो. भाताची चिखलणी भरपूर असेल, शेजाऱ्यांचीही कामं घेणार असाल, तर फिल्टरवाला खुशाल घ्या. धूर कमी, आणि मागे चालणाऱ्या माणसांच्या छातीला आराम.

पैसे देण्याआधी डीलरला एवढं विचारा: ऐन जूनमध्ये दिवा लागला तर लॅपटॉप घेऊन शेतावर कोण येणार, आणि किती दिवसांत?