पोट भरेल असं सूप रोजच्या जेवणासाठी घरी कसं करावं?

तुम्ही विचारलं आहे की भाज्या उकडून, गाळून, कॉर्नफ्लोअर लावून केलेलं सूप घरात सगळ्यांना आवडतं, पण तासाभरात पोरं पुन्हा डबे उघडायला लागतात. तर जेवणात भाजीच्या जागी चालेल असं सूप कसं करावं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहते. घरात सहा माणसं. मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, दाढा गेलेल्या आणि धाकटी पोरगी चार वर्षांची. या दोघांना भाकर कशात कुस्करून द्यायची, हा प्रश्न माझ्यासमोर रोज संध्याकाळी असतो. पातळ पदार्थ मी त्यांच्यासाठीच नीट करायला शिकले.

तुमच्या पद्धतीत भाजीचा चोथा गाळणीत जातो आणि भांड्यात चवीचं पाणी उरतं. कॉर्नफ्लोअरनं ते दाट दिसतं, पण तो नुसता स्टार्च आहे, त्यात प्रथिनं नसल्यातच जमा. म्हणून गाळणं बंद करा आणि दाटपणा घरातल्या डाळीनं किंवा ज्वारीनं आणा. तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात. ज्वारीत जे कमी पडतं ते डाळीत मिळतं आणि डाळीत कमी असतं ते ज्वारीत, त्यामुळे डाळीचं सूप आणि त्यात कुस्करलेली भाकर हे पूर्ण जेवण होतं.

सहा माणसांना मी पाऊण वाटी तूरडाळ, दोन वाट्या चिरलेली भाजी आणि सहा-सात वाट्या पाणी घेते. डाळ आणि भाजी कुकरमध्ये एकत्र शिजवून रवीनं घोटते. मिक्सरमध्ये फार बारीक केलं की ते लापशीसारखं गुळगुळीत होतं आणि खाल्ल्यासारखं वाटत नाही. घोटल्यावर दोन चमचे ज्वारीचं पीठ गार पाण्यात कालवून उकळत्या भांड्यात धार धरून सोडायचं. पीठ कोरडं टाकलं तर गुठळ्या होतात आणि त्या आत कच्च्याच राहतात. नंतर सात-आठ मिनिटं तरी मंद उकळू द्या, नाहीतर पिठाचा कच्चा वास राहतो.

भाजीत पोरांसाठी मी लाल कोहळं (लाल भोपळा) धरते. त्याला अंगचा गोडवा आहे, वेगळी साखर लागत नाही. मुंगण्याच्या (शेवग्याच्या) शेंगा असतील तर त्या घोटायच्या नाहीत, वेगळ्या उकडून शेवटी सोडायच्या. पोरं त्या चोखत बसतात आणि तेवढ्यात वाटी रिकामी होते. तिखटाची सोय अशी की मोहरी, जिरं, लसूण आणि हळदीची फोडणी आधी देऊन पोरांच्या वाट्या भरून घ्यायच्या. मग छोट्या कढल्यात तेल तापवून ठेचलेला लसूण आणि भिवापुरी मिरचीचं तिखट घालायचं आणि ते मोठ्यांच्या भांड्यावर ओतायचं. एकाच स्वयंपाकात दोघांचं भागतं.

पण खरं सूप आमच्याकडे हिवाळ्यात होतं, सोल्यांचं, म्हणजे तुरीच्या ओल्या हिरव्या दाण्यांचं. पऱ्हाटीत (कापसाच्या पिकात) तुरीचं तास, म्हणजे ओळ, असतंच, आणि डिसेंबर-जानेवारीत शेंगा भरल्या की शेतातून येताना प्रत्येक जण ओटीत शेंगा घेऊन येतो. रात्री सगळे मिळून सोलतो. दोन वाट्या सोले लोखंडी कढईत चमचाभर तेलावर परतायचे, तडतडून त्यांच्यावर काळसर डाग पडेपर्यंत. हे परतणं टाळू नका, सगळी चव तिथेच तयार होते. कच्चे वाटून घातले तर सूपाला हिरवट, कचवट वास येतो. मूठभर सोले आख्खे बाजूला ठेवायचे. बाकीचे आठ-दहा लसणाच्या पाकळ्या, तीन हिरव्या मिरच्या, जिरं आणि सांबाराच्या कोवळ्या काड्यांसोबत जाडेभरडे वाटायचे. (सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्या-मुंबईकडचं कोणी वाचत असेल तर.) कढईत तेल जरा सढळ हातानं घ्या. कांदा लाल झाला की वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता. मग सहा वाट्या गरम पाणी आणि ते आख्खे सोले घाला. गार पाणी ओतलं की उकळी मोडते आणि तेल वेगळं पडतं, म्हणून पाणी शेजारच्या चुलीवर उकळतच ठेवायचं. पंधरा मिनिटं मंद आंचेवर राहू द्या आणि मधून मधून तळ खरवडून हलवा, कारण वाटण खाली बसून लागतं. वरून सांबार. ज्वारीची गरम भाकर चुरून त्यावर हे ओतलं की मामाजी दुसऱ्यांदा वाटी पुढे करतात, आणि एरवी ते एका वाटीवर उठणारे आहेत.

आंबटाबद्दल मात्र जपा. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मी अंबाडीची भाजी आणि तूरडाळ एकत्रच कुकरला लावली. सहा शिट्ट्या झाल्या तरी डाळीचे दाणे बोटाला टणक लागत होते. अजून चार शिट्ट्या दिल्या, तरी तेच. आंबटपणात डाळीचा दाणा मऊ पडायला फार वेळ लागतो, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. आता अंबाडी, चिंच, टमाटे, काहीही आंबट असो, ते डाळ पूर्ण शिजून घोटल्यावरच भांड्यात जातं. अंबाडी वेगळी उकडून, पाणी पिळून घ्यायची. लिंबू तर ताटात वाढताना पिळा. म्हणजे त्यातलं क जीवनसत्त्व उकळण्यात कमी होत नाही आणि डाळ-पालेभाजीतलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते.

डाळ तरीही शिजत नसेल तर पाणी पाहा. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, भांड्यांवर पांढरे थर चढतात, आणि अशा पाण्यात डाळ टणकच राहते. मी डाळीपुरतं आरओचं पाणी वापरते आणि डाळ तासभर आधी भिजवते. खायचा सोडा टाकून डाळ लवकर गळते हे खरं आहे, पण त्यानं ब जीवनसत्त्व जातं आणि चव साबणासारखी होते, म्हणून मी तो घालत नाही.

एक सूचना भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या घरांसाठी. लाखोळीची (लाखेची) डाळ स्वस्त पडते आणि छान दाट होते, पण मुख्य अन्न म्हणून महिनोन्‌महिने तीच खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की तिच्यातला घातक अंश कमी होतो, पूर्ण जात नाही. रोजच्या सूपाला तूर, मूग किंवा मसूरच घ्या.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा गरम डाळ कोणालाच नको असते. मग आंबील. चार चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर ताकात रात्री कालवून ठेवायचं. सकाळी चार वाट्या पाण्याला उकळी आणून त्यात मीठ, जिरं आणि ठेचलेला लसूण घालायचा, कालवलेलं पीठ हळूहळू सोडायचं आणि चमच्याला लेप धरेपर्यंत हलवत राहायचं. पीठ आहे म्हणून ताक फाटत नाही. निवल्यावर वरून आणखी ताक घालून पातळ करा. शेतावर न्यायच्या डब्यात हेच जातं, सोबत कांदा.

उरलेल्या डाळीच्या सूपाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ते उरणारच. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर ठेवू नका, सकाळपर्यंत आंबतं. फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी ते घट्ट गोळा झालेलं असतं. त्यात पाणी घालून पुन्हा सूप करण्यापेक्षा मी त्यातच मावेल तेवढं ज्वारीचं पीठ, चिरलेला कांदा, तीळ आणि थोडं तिखट घालून मळते आणि ओल्या फडक्यावर धपाटे थापते. शाळेच्या डब्यात तेच जातात, दह्यासोबत.